मागे केलेला हात

कोटाची एक बाही अंगात आणि दुसरी टेबलावर, अशा अवतारात वकील आरशासमोर उभे होते आणि टेलरमास्तर तोंडातल्या टाचण्यांसकट दुकानामागच्या संडासात गेले होते. कोटाची ट्रायल सुरू झाल्यापासूनची ही कितवी तरी फेरी. दाराआडून कसलाच आवाज येत नव्हता, आणि तोच खरा घोटाळा होता. स्टुलावर बसून बटणं लावणारी मास्तरीणबाई कान देऊन ऐकत होती. पूर्वी निदान थेंब थेंब तरी ऐकू यायचं. वकिलांनी घसा खाकरला आणि मास्तर कापड विणायला गेलेत की काय, असं विचारलं. ती नुसती हसली आणि सुईत दोरा ओवू लागली.

मास्तर बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी वकिलांचा खांदा धरला, कच्चा टाका निरखला आणि न बघता उजवा हात मागे केला, तळवा वर. मास्तरीणबाईने डोळे न उचलता आपली छोटी कात्री त्या तळव्यावर ठेवली, मूठ त्यांच्याकडे आणि टोक आपल्याकडे. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. मास्तरांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे कात्री हा शब्द त्या दुकानात उच्चारायची वेळच येत नसे. हात मागे आला की कात्री पोचायची. तिच्या बाळंतपणात तो हात मागे येऊन रिकामाच राहिला होता, ते मास्तर अजूनही अधूनमधून ऐकवत.

मास्तरांचा हात बाजारात नावाजलेला होता. जीभही. "माझ्या हातचं काम परत येत नाही," असं ते नव्या गिऱ्हाइकाला माप घेतानाच सांगून टाकत. आणि समजा आलंच, तर त्याची वाटणी ठरलेली होती. कोट अंगावर चोख बसला तर कटिंग मास्तरांचं. बटण तुटलं, काज फाटलं, अस्तर उसवलं, तर तो हात बाईचा. गिऱ्हाइकासमोरच तो कपडा तिच्या मांडीवर टाकून ते म्हणत, ही घ्या आमच्या घरची कारागिरी. गिऱ्हाईक हसायचं. तीही हसायची, कारण न हसून सांगणार कुणाला?

त्या संध्याकाळी लघवी पुरती तुंबली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही तो पोट धरून लादीवर गुडघे टेकून बसला. मुलाने गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तिथे नळी घातली, पिशवी भरली आणि मास्तरांच्या जिवात जीव आला. सकाळी डॉक्टरांनी तपासण्या पाहून सांगितलं की प्रोस्टेट पुन्हा वाढली आहे आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.

पुन्हा म्हटल्यावर मास्तरांचं डोकं फिरलं. पहिलं ऑपरेशन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तेव्हा दुर्बिणीतून काम झालं म्हणून त्यांनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं होतं, की कायमचा निकाल लावून आलोय. डॉक्टर तेच होते, फक्त आता त्यांचे केस पांढरे झाले होते. मास्तरांनी त्यांना खाटेवरूनच सुनावलं की आमच्या धंद्यात असं काम परत आलं तर आम्ही तोंड दाखवत नाही. डॉक्टर चिडले नाहीत. गाठ अख्खी काढत नाहीत, वाट अडवणारा आतला भाग तेवढा खरवडतात, बाहेरची साल राहते आणि काही जणांत ती बऱ्याच वर्षांनी पुन्हा भरते, असं त्यांनी समजावलं. दुसऱ्या वेळी काम जास्त नाजूक असतं, नंतर लघवीवरचा ताबा काही महिने किंवा कायमचाही ढिला पडू शकतो, हेही त्यांनी मुलासमोर आणि मास्तरीणबाईसमोर स्पष्ट सांगितलं. मुलाचं लक्ष फोनमध्ये होतं. तिने मात्र शब्द न् शब्द ऐकला.

नळी लावून मास्तरांना ऑपरेशनच्या तारखेपर्यंत घरी धाडलं. ज्या दिवशी भरती व्हायचं त्या दिवशी निघताना त्यांनी वकिलांचा कोट तिच्या पिशवीत भरायला लावला. शिलाई झाली होती, काजं राहिली होती. दवाखान्यात बसून कसं जमेल, असं ती चाचरत म्हणाली.

"ऑपरेशन माझं आहे. तुझ्या हातांना काय धाड भरलीय?"

मुलगा आणि सून दारातच उभे होते. सुनेने सुचवलं, न्या की आई, तेवढाच तुमचा वेळ जाईल. म्हणून कोट गेला, सुईदोरा गेला आणि छोटी कात्रीही गेली.

ऑपरेशन ठीक झालं. वॉर्ड लांबोडका होता, दोन्ही बाजूंना खाटा, खाटांवर बहुतेक म्हातारे आणि प्रत्येकाच्या खाटेखाली एक पिशवी. शेजारच्या खाटेवरच्या धिप्पाड म्हाताऱ्याला सगळे पैलवान म्हणत. त्याला पिशव्यांच्या रंगांवरून एकमेकांची प्रगती मोजायची खोड होती. आपली अजून लालच आहे आणि मास्तरांची मात्र गुलाबी झाली, म्हणून त्याने मास्तरांचं अभिनंदन केलं. मास्तरांनी तोंड फिरवलं. एवढ्या माणसांत आपलं पाणी लोंबत राहावं याची त्यांना शिसारी आली होती.

नळी आतल्या एका छोट्या फुग्यावर धरलेली होती. पाण्याने फुगवलेला तो फुगा आत आणि बाहेर नळी मांडीला चिकटपट्टीने ताणून बसवलेली. ती हलली तर रक्त सुटेल, त्यांना नळीला हात लावू देऊ नका, असं सिस्टरने बजावलं होतं. मास्तरीणबाईने मान डोलावली. हात लावू द्यायचा नाही, एवढंच ती मनात घोकत राहिली. मांडीवरच्या सुई-कात्रीकडे सिस्टरचं लक्ष गेलं नाही आणि तिचंही नाही. सुई-कात्री तिच्या मांडीवर नसती तरच तिला चुकल्यासारखं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मास्तर बरळू लागले. या वयात असं होतं, अंगातलं मीठ उतरलं की भ्रम होतो, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. चादरीवर नसलेले दोरे ते चिमटीत धरून उपटत होते. कंबर घट्ट झालीय, थोडी सोडा, असं छताला सांगत होते. ती उठून सिस्टरकडे गेली. सिस्टर म्हणाली, निरोप दिलाय, डॉक्टर येतीलच. परत येऊन पाहते तर मास्तर निवले होते, डोळे अर्धे मिटलेले. पैलवान घोरत होता. तिने कोट मांडीवर घेतला.

शेवटचं काज होतं. काजाचा टाका मध्ये सोडता येत नाही. सोडला की काजाचं तोंड वाकडं होतं आणि मास्तरांना ते लांबूनही दिसतं. तिची मान खाली, नजर टाक्यावर. एवढ्यात डोळ्यांच्या कडेला तो हात आला. तळवा वर. तिने कात्री ठेवली.

कच् झालं. आणि लगेच पुन्हा कच्, या वेळी जोर लावून.

तिने वर पाहिलं. मास्तरांच्या चिमटीत नळीचं तुटकं टोक होतं आणि लोंबता दोरा छाटल्यावर यायचं तेच समाधान चेहऱ्यावर होतं. फुग्यातलं पाणी गेलं, आतली नळी घसरली आणि मास्तरांच्या खालची चादर लाल होत गेली. ती किंचाळली नाही, तिला ते येतच नव्हतं. सुई लोंबणारा कोट छातीशी धरून ती सिस्टरकडे धावली.

मास्तरांना पुन्हा थिएटरमध्ये नेलं. गुठळ्या धुऊन काढायच्या होत्या, रक्त थांबवायचं होतं, नवी नळी घालायची होती. मुलगा ऑफिसातून तसाच आला होता. बाहेरच्या बाकावर बसून त्याने आईला विचारलं, "तू कात्री दिलीस?"

"त्यांनी हात केला."

"कसला हात?"

"कात्रीचा."

मुलगा दुकानात कधी बसला नव्हता. शिंप्याचा पोरगा म्हणवून घ्यायची लाज वाटायची म्हणून तो शिकला होता आणि पंख्याखालच्या टेबलावर जाऊन बसला होता. त्याला तो हात ठाऊकच नव्हता. तिने आपला हात मागे करून, तळवा वर धरून त्याला दाखवला. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने रिकामा हात पसरलेला पाहून समोरून जाणारा एक माणूस क्षणभर थबकला. मुलाने तिचा हात धरून खाली केला.

मास्तर भानावर आले तशी मुलाने सून आणि सिस्टर यांच्यासमोर त्यांना सरळ विचारलं, की बाबा, कात्री तुम्ही मागितली होती का? मास्तरीणबाई पायथ्याशी उभी होती. आता हे बोलतील आणि सगळं निभावेल, असं तिला खरंच वाटलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती.

"मी कुठे शुद्धीत होतो?" ते म्हणाले. "शुद्धीत ती होती."

सिस्टरने मान हलवली. सुनेने पिशवीतून छोटी कात्री काढून घेतली आणि रुमालात गुंडाळून आपल्या पर्समध्ये ठेवली.

पुढे नळी निघाली, पण ताबा गेला. खोकला आला की ओलं, शिंक आली की ओलं, खुर्चीतून उठलं की ओलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि मुलाला बाजूला घेऊन स्पष्ट केलं की हे दुसऱ्या ऑपरेशनमुळे झालंय, हे आधीच सांगितलं होतं, कापलेल्या नळीने रक्त गेलं पण याच्याशी तिचा संबंध नाही. मुलाने घरी येऊन बायकोला सांगितलं की डॉक्टर सभ्य माणूस आहे, आपल्यासमोर आईचं नाव कसं घेईल.

घरात तिच्यावर कुणी आवाज चढवला नाही. त्यापेक्षा वाईट झालं, सगळे तिच्याशी सांभाळून वागू लागले. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या. एकदा ती नातीची नखं कापायला बसली, तर सुनेने नेलकटर हातातून काढून घेतलं. हसत हसत घेतलं, पण घेतलं. नणंद भावाला बघायला आली आणि जाताना दारात म्हणाली, "वहिनी, माझ्या भावाचंच माप काढलंस की गं." सगळे हसले. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले आणि त्यांना उठून आत पळावं लागलं.

आत कपडे तीच बदलायची. जुन्या मऊ कापडाचे थर रचून, कडा आत दुमडून, टाका अंगाला लागू नये अशा बेताने तिने त्यांच्यासाठी घड्या शिवल्या होत्या. मास्तर रोज त्यात एक खोट काढत, कधी जाड झाली म्हणून, कधी सरकते म्हणून. एकदा त्यांच्या पायाशी बसून ओली घडी बाजूला ठेवताना तिने विषय काढला. तुम्ही हात केला होता, मुलाला एकदा तेवढं सांगा, मला दुसरं काही नको, असं ती म्हणाली. आयुष्यात तिने नवऱ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावल्या असत्या.

"मला आठवत नाही, त्याची ग्वाही कशी देऊ?" मास्तर म्हणाले. "पॅंट दे."

तिला ते पटलं. भ्रमातल्या माणसाला काय आठवणार? उलट तिला त्यांची कीव आली. नेमकं तेवढंच या माणसाच्या डोक्यातून पुसलं गेलं, हे आपलंच नशीब, असं म्हणून तिने तो विषय मनातून काढायचं ठरवलं. काही दिवस तिने ते जवळजवळ साधलंही.

मास्तर दुकानात जाऊ लागले. आता ते काळ्याशिवाय दुसऱ्या रंगाची पॅंट घालत नसत. छोटी कात्री सुनेने परत केली, कारण मास्तरांनीच मागितली. तिच्यावाचून काम अडत होतं. बाजारात बातमी आधीच पोचली होती. शेजारचा इस्त्रीवाला आडून आडून विचारू लागला, तेव्हा मास्तरांनी स्वतःच किस्सा रंगवून सांगितला. मग तो त्यांचा ठेवणीतला किस्सा झाला. ऑपरेशन, वॉर्ड, पैलवान, पिशव्यांचे रंग, सगळं साग्रसंगीत यायचं आणि शेवटी ते स्टुलाकडे बोट दाखवून म्हणायचे, "आयुष्यभर माझ्या हाताखाली बटणं लावली, आणि म्हातारपणी माझंच बटण तोडलं." गिऱ्हाइकं खो खो हसत. काही जण हसून झाल्यावर वळून तिच्याकडे बघत, कशी दिसते ते बघायला. ती बटण लावत असे. इस्त्रीवाला तर नव्या माणसाला मुद्दाम घेऊन यायचा, मास्तर, यांना सांगा ना ते.

वकिलांनी ऑपरेशनमुळे रखडलेल्या कोटाच्या जोडीला आणखी एक कोट टाकला होता. ते ट्रायलला यायचे होते त्या सकाळी ती जुन्या कोटाचं शेवटचं काज पुन्हा करत होती. दवाखान्यात त्या दुपारी अर्धवट राहिलेलं ते काज, त्याचं तोंड वाकडं झालंच होतं. मास्तरांनी ते उसवायला लावलं होतं. मास्तर टेबलाशी नव्या कोटाचा कच्चा टाका तपासत होते. त्यांनी तिच्या मांडीवरची छोटी कात्री उचलली, एक दोरा छाटला, तो नीट तुटला नाही. त्यांनी पातं अंगठ्यावर फिरवून पाहिलं.

"बोथट झालीय. धार लावून आण." आणि खडू उचलता उचलता म्हणाले, "त्या दिवशी नळीलाही दोनदा दाबावी लागली."

तिची सुई थांबली. दोनदा. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, डॉक्टरांना नाही. कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांदा जोर लावावा लागला, हे त्या वॉर्डात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक जिने आवाज ऐकला ती आणि दुसरा ज्याच्या बोटांनी जोर लावला तो. ज्या विसरण्याची तिला कीव आली होती ते विसरणं कधी नव्हतंच. ती पायाशी बसून मागत होती तेव्हाही त्यांना आठवत होतं. एवढा राग आपल्याला येऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला आठवतंय," ती म्हणाली.

मास्तरांचा खडू कापडावर सरळ रेघ ओढत गेला. रेघ पुरी झाल्यावर ते बोलले, आवाज न चढवता, माप सांगावं तसे. "मग काय सांगू? माझ्या हाताने मीच कापली म्हणून? या बाजारात माझ्या हाताचं नाव आहे. तुझ्या हाताचं कुठे काय आहे?"

ती काही बोलणार तोच वकील आत आले. मास्तरांनी त्यांना तब्येत मस्त असल्याचं सांगितलं, खुंटीवरचा टेप गळ्यात टाकला आणि टाचण्या तोंडात धरल्या. कात्री त्यांनी जाता जाता तिच्या मांडीवर परत टाकली होती.

वकिलांनी नवा कोट अंगात घातला. कॉलर मानेमागे उचलली जात होती. मास्तरांनी डाव्या हाताने ती पकडून जागेवर बसवली, आरशात पाहिलं, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. कच्चा टाका तिथेच कापायला हवा होता, पकड सुटली तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. त्यांनी उजवा हात मागे केला, तळवा वर.

कात्री तिच्या मांडीवर होती. तिने तो हात पाहिला. मग काजाचा शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

हात तसाच राहिला. बोटं एकदा मिटली, पुन्हा उघडली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलायची सोय नव्हती, आणि कॉलर सोडायचीही नव्हती. वकिलांनी आरशातून स्टुलाकडे पाहिलं, मग त्या हाताकडे, आणि नजर वळवली. मास्तरांनी पाय जवळ घेतले, गुडघे घट्ट आवळले. काळ्या पॅंटवर तसं पटकन काही दिसत नाही.

मास्तरीणबाईने कोट झटकला आणि काज उजेडाकडे धरून पाहिलं. तोंड सरळ आलं होतं.